शीत कोणी काढले?



या व्याख्यानमालेत आजवर कवी बोलले, इतिहासाचे अभ्यासक बोलले, एका वर्षी निवृत्त न्यायाधीशही बोलले. या रांगेत साखरेच्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरला उभे केल्याबद्दल मंडळाचे आभार मानतो. परदेशी कारखान्यात तयार झालेल्या वस्तूचा दर्जा आपण कसा ओळखायचा, हा माझा विषय. तो कळवला तेव्हा कार्यवाहांनी जरा थांबून विचारले, "डॉक्टर, याचा साहित्याशी काही संबंध?" मी म्हटले, खोक्यावरचे लेबल हाही छापील मजकूरच असतो, आणि तो फसवायला लिहिलेला असला तर फार काळजीपूर्वक लिहिलेला असतो. त्यांनी हसून परवानगी दिली. छपाईसाठी देताना मी मूळ बोलण्यात थोडी भर घातली आहे, ती तुम्ही गोड मानून घ्याल.

माझ्या वडिलांचे रविवार पेठेत तांदळाचे लहानसे दुकान होते. खानापूरकडून, वडगावकडून पोती यायची. पोत्यात खुपसायची एक पोकळ, टोकदार लोखंडी सळी असते. ती आत घालून ओढली की तिच्या खाचेत मूठभर दाणे येतात. माल घेऊन आलेला माणूस नेहमी पोत्याचे तोंड सोडून वरचे दाणे हातावर घेऊन दाखवी. वडील ते बघत, मान हलवत, आणि मग न बोलता पोत्याच्या बुडाशी सळी खुपसत. त्यावरून कोणाशी भांडण झाल्याचे मला आठवत नाही. विकणाऱ्यालाही ते अपेक्षितच असे.

शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो. ही म्हण खरी आहे. पण ती स्वयंपाकघरातली आहे, हे आपण विसरतो. तिथे भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो आणि शीत काढणारी बाई स्वतः चमचा घालून ते काढते. समजा पातेले हजारो मैलांवर आहे, आचेवर कोण उभे आहे ते माहीत नाही आणि शीत तुम्हाला वाटीत घालून कोणी दुसऱ्याने आणून दिले आहे. मग त्या शितावरून फक्त त्या शिताची परीक्षा होते.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. कसे कळले, ते सांगितल्याशिवाय पुढचे बोलणे प्रामाणिक होणार नाही.

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट. आमच्या समाजाच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी आठवड्यातून तीन दिवस बसतो. घरीच विलगीकरणात असलेल्या रुग्णांना ऑक्सिमीटर काही दिवसांसाठी वापरायला द्यायचे, असे आम्ही ठरवले. बाजारात ते मिळेनासे झाले होते. एका व्यापाऱ्याकडून पंचवीस मिळाले. परदेशी बनावटीचे, खोक्यावर तीन-चार देशांची मानचिन्हे. ते आले त्या संध्याकाळी मी तीन उघडले. एक माझ्या बोटाला लावले, एक बायकोच्या, एक कंपाउंडरच्या. ९८, ९८, ९७. मी समाधानाने मान हलवली आणि वाटप सुरू केले.

दहा-बारा दिवसांनी रात्री एका घरून फोन आला. सून बोलत होती. "डॉक्टरकाका, मामंजींना दम लागल्यासारखा वाटतोय. पण मशीनवर शहाण्णव दाखवतंय." मी विचारले, ताप? थोडा. जेवले का? अर्धी भाकरी. मी म्हटले, आकडा चांगला आहे, पालथे झोपवा, सकाळी येऊन बघतो. सकाळी गेलो तर ते खाटेवर पुढे वाकून बसले होते. एक वाक्य तीन तुकड्यांत बोलत होते. घड्याळ लावून श्वास मोजले, मिनिटाला ३२. माझ्या बॅगेतल्या जुन्या ऑक्सिमीटरने ८४ दाखवले. समाजाने दिलेले यंत्र त्यांच्या दुसऱ्या हाताच्या बोटावर शांतपणे ९६ दाखवत होते.

दुपारपर्यंत रुग्णालयात खाट मिळाली. एकोणीस दिवसांनी ते घरी आले, पुढे दोन महिने घरी ऑक्सिजन लावावा लागला. आज ते आहेत, संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसतात. सुनेने ते यंत्र पुसून, मूळ खोक्यात घालून, 'आभारी आहोत' अशी चिठ्ठी लावून परत पाठवले.

त्या दिवशी मी उरलेली यंत्रे गोळा करायला लागलो. कोणीतरी सांगितले होते म्हणून बोटाऐवजी पेन घालून पाहिले. सहा यंत्रांनी पेनाचा ऑक्सिजन ९६ ते ९८ दाखवला, नाडीही ७२ ते ८०. सहाही खोकी बाकीच्या एकोणीस खोक्यांसारखीच होती. एक उघडले, आतली पट्टी वेगळी होती.

आता मी काय चुकलो ते पाहा, कारण दोन चुका आहेत आणि त्या वेगवेगळ्या आहेत.

पहिली चूक मोजदादीची. पंचवीस यंत्रांत सहा खराब असताना कोणतीही तीन उचलली, तर तिन्ही चांगली निघण्याची शक्यता शंभरात बेचाळीस असते. म्हणजे जवळजवळ छापा-काटा. तीनवरून पंचवीसबद्दल काही बोलायचा मला अधिकारच नव्हता.

दुसरी चूक मोठी. ऑक्सिमीटर बोटातून दोन प्रकारचा प्रकाश सोडतो, लाल आणि अवरक्त, आणि रक्त त्यातला किती शोषते यावरून ऑक्सिजनचे प्रमाण काढतो. निरोगी माणसात हे प्रमाण ९७-९८ असते. खोटे यंत्रही ९७-९८ च दाखवायला बनवलेले असते. म्हणजे निरोगी बोटावर खरे आणि खोटे यंत्र एकच आकडा दाखवणार. मी पंचवीसच्या पंचवीस जरी घरातल्या माणसांच्या बोटांना लावली असती तरी मला काहीच कळले नसते. जिथे चांगला माल आणि वाईट माल वेगळे वागतात, तिथेच परीक्षा घ्यावी लागते. निदान मनगटावरची नाडी मिनिटभर मोजून यंत्राच्या नाडीशी ताडून पाहायची, हे तर मला जमण्यासारखे होते. चाळीस वर्षे नाडी बघतोय.

या प्रसंगानंतर मी एक अस्वस्थ करणारा प्रश्न स्वतःला विचारला, आणि तो माझ्या व्यवसायाचा आहे. मी आयुष्यभर जर्मनीहून आलेली औषधे वापरली. काचेची बाटली, सील, जर्मन अक्षरे. ती चांगली आहेत हे मला कसे ठाऊक होते? मूळ अर्क असेल तर प्रयोगशाळेत काही तपासता येते: अल्कोहोलचे प्रमाण, घन द्रव्याचे प्रमाण, वनस्पतीच्या घटकांचे ठसे. पण होमिओपॅथीत बारा सेंटेसिमलच्या पुढे बाटलीत मूळ द्रव्याचा रेणूही उरत नाही, हे साधे अंकगणित आहे आणि ते मी नाकारत नाही. तीस पोटेन्सीच्या आर्निकाची आणि ब्रायोनियाची बाटली प्रयोगशाळेत दिलीत, तर तिथून 'अल्कोहोल' एवढेच उत्तर येईल. होमिओपॅथीबद्दल तुमचे मत काहीही असो, इथला मुद्दा वेगळा आहे. ज्या मालाची पारख मालात करता येत नाही, तिथे कारखाना कसा चालतो, नोंदी कशा ठेवतो, चूक झाली तर कोण पुढे येतो, हेच बघावे लागते. हानेमान यांनी हे ओळखले होते. वैद्याने औषधाच्या अस्सलपणाची खात्री स्वतः करावी, स्वतः तयार करून स्वतःच्या हाताने द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यावरून लाइपझिगच्या औषधविक्रेत्यांशी त्यांचा वाद झाला, औषध स्वतः देण्याला बंदी आली आणि १८२१ मध्ये त्यांनी ते शहर सोडून कोथेन गाठले. आम्ही त्यांचे अनुयायी मात्र बाटलीवरची जर्मन अक्षरे पाहून निश्चिंत!

त्या जर्मन अक्षरांचीही एक गोष्ट आहे. १८७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात जर्मन माल गेला, तेव्हा फ्रान्झ रॉइलो या जर्मन अभियंत्यानेच तो स्वस्त आणि वाईट असल्याचे लिहून पाठवले. इंग्लंडमध्ये जर्मन सुऱ्या-कात्र्यांवर शेफिल्डचे नाव घालून विक्री होई. ती थांबवायला १८८७ मध्ये ब्रिटिशांनी कायदा केला, आणि त्यातून 'मेड इन जर्मनी' हा शिक्का आला. तो गिऱ्हाइकाला सावध करण्यासाठी होता. पंचवीस-तीस वर्षांत तोच शिक्का भरवशाचा झाला. आपल्या पिढीने जपानचे तेच पाहिले आहे. लहानपणी 'जपानी माल' म्हणजे दोन दिवसांची खेळणी. म्हणून 'चिनी म्हणजे टाकाऊ' आणि 'जर्मन म्हणजे उत्तम' असे कोणी ठासून सांगू लागले की मी ऐकून घेतो, पण खरेदीचा निर्णय त्यावर करत नाही. एकाच शहरात, एकाच रस्त्यावर उत्कृष्ट आणि भिकार, दोन्ही कारखाने असतात. आपली उद्यमबाग वेगळी आहे का?

खोक्यावरच्या खुणांबद्दल थोडे सांगतो, कारण त्याबद्दल व्हॉट्सॲपवर फार ज्ञान फिरते. 'सीई' ही दोन अक्षरे जवळजवळ छापली असतील तर त्याचा अर्थ 'चायना एक्स्पोर्ट', असे तुम्हाला कोणीतरी पाठवले असेल. असे चिन्ह अस्तित्वात नाही. युरोपीय आयोगानेच तसे सांगितले आहे. खरी गोष्ट याहून गमतीची आहे. कमी जोखमीच्या बऱ्याच वस्तूंवर 'सीई' हे चिन्ह उत्पादक स्वतःच लावतो, स्वतःच्या जबाबदारीवर. जिथे त्रयस्थ संस्थेने तपासलेले असते, तिथे त्या चिन्हापाशी चार आकडी क्रमांक असतो. तो क्रमांक शोधून संस्था कोणती हे पाहता येते, आणि तिला विचारताही येते. अमेरिकेच्या 'एफडीए'चे रंगीत, गरुडाचे चित्र असलेले नोंदणी प्रमाणपत्र कोणी दाखवले, तर अधिकच सावध व्हा. ती संस्था उपकरणांच्या कारखान्यांना असे प्रमाणपत्र देतच नाही, आणि नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. बारकोड ८९० ने सुरू झाला म्हणजे माल भारतात बनला, हेही खरे नाही. त्या कंपनीने तो क्रमांक भारतातून घेतला, एवढाच त्याचा अर्थ.

मग वाचायचे काय? आयात झालेल्या वैद्यकीय उपकरणावर आपल्या नियमांप्रमाणे प्रत्यक्ष कारखान्याचा पत्ता, आयातदाराचे नाव-पत्ता आणि आयात परवान्याचा क्रमांक हवा. इतर बंद मालावरही आयातदाराचे नाव, मूळ देश, महिना-वर्ष, किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असलाच पाहिजे. माझ्या पंचवीस खोक्यांवर मानचिन्हे सात होती. आयातदाराचे नाव एकाही खोक्यावर नव्हते. मी चष्मा लावून मानचिन्हे मोजली होती.

कागद आणि माल यांची फारकत किती जीवघेणी होऊ शकते, हे औषधांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसले आहे. मी दवाखाना थाटला त्याच सुमारास, १९८६ मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले चौदा रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडे निकामी करणारे औद्योगिक रसायन होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्यातली सगळी साखळी उघडी केली. वीस वर्षांनी, २००६ मध्ये, तेच विष पनामा देशात खोकल्याच्या औषधातून गेले आणि शंभराहून अधिक माणसे मेली. त्या पिंपांचा प्रवास चीनमधल्या एका कारखान्यातून बीजिंगच्या व्यापाऱ्याकडे, तिथून बार्सिलोनाला आणि मग पनामाला झाला. कारखान्याने त्याला 'टीडी ग्लिसरीन' म्हटले होते. ही दोन अक्षरे चिनी भाषेतल्या 'बदली' या अर्थाच्या शब्दाची. म्हणजे ग्लिसरीनच्या जागी वापरायचे काहीतरी. प्रवासात ती दोन अक्षरे गळाली, मूळ कारखान्याचे नावही गळाले, आणि '९९.५ टक्के शुद्ध' हे वाक्य मात्र कागदोकागदी सुखरूप पोहोचले. एवढ्या हातांतून जाताना पिंपातला थेंब कोणी तपासला नाही. दोन्ही द्रव गोड, घट्ट, पारदर्शक. चवीने, दिसण्याने ओळख पटणारच नाही. माझ्या ऑक्सिमीटरसारखेच.

आणि आता परदेशी कारखाना म्हणजे आपणच असलेले उदाहरण. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गांबियातल्या चार सिरपांबद्दल इशारा दिला. ती भारतात तयार झालेली होती. तिथे मूत्रपिंडे निकामी होऊन सुमारे सत्तर मुले गेली होती. संघटनेने तपासलेल्या नमुन्यांत तीच विषे सापडली. भारतात कारखान्याने राखून ठेवलेले नमुने सरकारी प्रयोगशाळेत तपासले गेले, ते निर्दोष निघाले, आणि भारत सरकारने संबंध नाकारला. दोन नमुने, दोन उत्तरे. तरीही १ जून २०२३ पासून खोकल्याचे सिरप निर्यातीपूर्वी तपासणे आपल्या सरकारने सक्तीचे केले. गांबियातल्या आईच्या हातात जी बाटली होती तिच्यावरचा आपला पत्ता तिला वाचता आला असेल का, हा विचार मला सोडत नाही.

यातून मार्ग मला दाखवला तो उद्यमबागेतल्या एका स्नेह्यांनी. तीस वर्षे त्यांनी फौंड्रीत गुणवत्ता तपासणीचे काम केले. त्यांची कास्टिंग्ज जर्मनीला जात. म्हणजे तिकडच्या गिऱ्हाइकासाठी ते 'परदेशी उत्पादक'. मी माझी ऑक्सिमीटरची कहाणी सांगितल्यावर ते म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही सॅम्पल बघितलंत. आमचा जर्मन साहेब सॅम्पल बघायचा, पण त्यावर कधी सही करून थांबायचा नाही." पहिल्या भेटीत त्या साहेबाने चकाचक यंत्रशाळा पाहिली, चहा घेतला आणि विचारले, खराब निघालेले पार्ट कुठे ठेवता? यांनी अभिमानाने सांगितले, आमच्याकडे खराब फारसे निघतच नाहीत. साहेबाने वही मिटली. नंतर दुभाष्याकडून कळले: ज्या कारखान्यात नाकारलेल्या मालाचा ढीग दिसत नाही, तो कारखाना नाकारलेला माल मला पाठवतो, असे तो म्हणाला होता. पुढच्या वेळी यांनी लाल रंगाची, कुलूप असलेली पेटी केली, प्रत्येक नाकारलेल्या पार्टवर कारण लिहिले, वितळण्याच्या ज्या खेपेतून तो ओतला तिचा क्रमांक घातला. ऑर्डर त्यानंतर मिळाली.

त्यांनी मला नमुना घेण्याचे तक्ते शिकवले. हे तक्ते दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या खरेदीतून वाढले, आज ते आंतरराष्ट्रीय मानक आहेत आणि परदेशातून माल घेणारा कोणताही जाणता व्यापारी ते वापरतो. समजा तीनशे नगांचा लॉट आहे. तक्ता सांगतो, त्यातून पन्नास नग काढा. अडीच टक्क्यांची पातळी ठरवली असेल तर तीनपर्यंत खराब निघाले तर लॉट घ्या, चार निघाले तर सगळा लॉट परत. पन्नास कोणते, हे विकणाऱ्याने ठरवायचे नाही. खालच्या थरातले खोके, मधले खोके, भिंतीकडचे खोके. हे ऐकताना मला वडिलांची सळी दिसत होती.

२०२३ मध्ये आमच्या दवाखान्याने गरजू वृद्धांना घरी वापरायला तीनशे डिजिटल बीपी यंत्रे द्यायचे ठरवले. एका तरुण विश्वस्ताने लॅपटॉपवर शेनझेनच्या कारखान्याचा भाव दाखवला. इथल्यापेक्षा निम्म्याहून कमी. थेट मागवू या, म्हणाला. त्याला सांगावे लागले की ही यंत्रे १ जानेवारी २०२१ पासून कायद्याने औषधांच्या व्याख्येत आहेत, आयात परवान्याशिवाय आणता येत नाहीत. त्यामुळे एक परवानाधारक आयातदार गाठला. अटी लिहून घेतल्या: तीस टक्के आगाऊ, बाकी आम्ही माल तपासल्यावर, तपासणी बेळगावात, आमच्या सभागृहात, पन्नास नग आम्ही निवडणार. आयातदार म्हणाला, इतक्या वर्षांत कोणी असे विचारले नाही. मी म्हटले, मीही विचारले नव्हते.

मॉडेल कोणते, हा त्याआधीचा प्रश्न. डिजिटल यंत्र पट्ट्यातल्या हवेची स्पंदने मोजते आणि त्यावरून वरचा-खालचा आकडा स्वतःच्या गणिताने काढते. ते गणित बरोबर आहे का, हे सभागृहात तपासता येत नाही. त्यासाठी ८५ माणसांवर चाचणी घेण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. सरासरी फरक ५ मिलिमीटरच्या आत असावा लागतो. अशा चाचण्या उत्तीर्ण झालेल्या मॉडेलांच्या याद्या प्रसिद्ध होतात. पण एकच कारखाना दहा नावांनी यंत्रे विकतो, आणि यादीतले मॉडेल एक, खोक्यातले दुसरे, असे सहज होते. अक्षर न् अक्षर जुळते का पाहावे लागते. आम्हाला दाखवलेल्या पहिल्या यंत्राच्या नावात शेवटी एक 'बी' जास्त होता. तो जाऊ द्या, असे आयातदाराने सुचवले. आम्ही तो जाऊ दिला नाही.

माल आला. नर्सिंगच्या चार मुली आणि आमचे फौंड्रीचे स्नेही असे बसलो. कारखान्याकडून यंत्राचा तपासणी-मोड कसा चालू करायचा ते लिहून घेतले होते. त्यात यंत्र नुसता हवेचा दाब दाखवते. टी आकाराच्या नळीने ते माझ्या जुन्या पाऱ्याच्या यंत्राला जोडायचे आणि २००, १५०, १००, ५० वर दोन्ही आकडे शेजारी लिहायचे. तीनहून जास्त फरक म्हणजे बाद. मग पट्टा बाटलीभोवती गुंडाळून हवा गळते का ते पाहायचे. पन्नासात पाच बाद निघाले. चार ठिकाणी नळीचा सांधा गळत होता, एका यंत्रात सात मिलिमीटरचा फरक.

आयातदार म्हणाला, "पाचच तर आहेत, लगेच बदलून देतो." इथे भले भले फसतात, मीही 'चालेल' म्हणणारच होतो. स्नेह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. पन्नासात पाच, म्हणजे न उघडलेल्या अडीचशेत आणखी पंचवीसच्या आसपास. सापडलेले पाच बदलले की आपण खूश, आणि ते पंचवीस वृद्धांच्या घरी. लॉट परत गेला. सहा आठवड्यांनी दुसरा आला; पन्नासात एक बाद. तक्त्याप्रमाणे लॉट पास.

स्नेही हात धुवायला उठले, आणि मी बसूनच राहिलो. ज्या लॉटमध्ये दहा टक्के माल खराब आहे, तोही या परीक्षेतून साधारण चारात एकदा सुटतो, हे त्यांनीच मला शिकवले होते. फौंड्रीत ते चालते. तिकडे खराब पार्ट यंत्रात बसवताना पुन्हा पकडला जातो. आमच्याकडचा खराब नग मात्र एका विशिष्ट आजीच्या टेबलावर जाणार, आणि तिच्या पुढे तपासणारा कोणी नाही. मला माझी आई आठवली. आम्हा जैनांच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण, आणि त्याआधी दुपारी उजेडात धान्य निवडणे. ती मूठभर तांदूळ बघून पोते चांगले आहे असे कधी म्हणाली नाही. सुपात पसरून दाणा न् दाणा बघायची, कारण एक जीव जरी शिजला तरी तो तिच्या हिशेबात एक टक्का नव्हता. वडिलांची सळी दुकानासाठी होती, आईचे सूप घरासाठी.

मी म्हटले, तीनशे म्हणजे फार नव्हेत. मुली हसल्या, पण बसल्या. दोन रविवार लागले. उरलेल्या अडीचशेत आणखी चार बाद निघाले. ते बदलून घेतले, बदलून आलेलेही तपासले, आणि मग वाटप केले. प्रत्येक खोक्यावर क्रमांक घातला आणि कोणता कोणाकडे गेला ते वहीत लिहिले, म्हणजे उद्या तक्रार आली तर लॉटपर्यंत मागे जाता येईल.

तक्रार आलीच. महिनाभरात शहापूरच्या एक बाई यंत्र घेऊन आल्या. घरी १६८ दाखवते, तुमच्याकडे १४४, हे कसले परदेशी यंत्र! मी वही काढली, क्रमांक पाहिला, यंत्र पुन्हा पाऱ्याला जोडले. अगदी बरोबर. मग त्यांच्या दंडाकडे लक्ष गेले. दंड जाड, आणि खोक्यातला पट्टा मध्यम मापाचा. आतली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या साधारण ऐंशी टक्के लांब असावी लागते. पट्टा लहान पडला की आकडा वर जातो. दवाखान्यात मी त्यांना सवयीने मोठा पट्टा लावत होतो. कारखान्याने मागितले तेच पाठवले होते. मोठा पट्टा मागायला हवा, हे आमच्यापैकी कोणाच्या, माझ्याही, डोक्यात आले नव्हते.

चाळीस मोठे पट्टे मागवले आहेत. पुढच्या आठवड्यात येतील. तक्ता म्हणतो चाळीसमधून आठ तपासा. बाई मला म्हणाल्या, "माझा तेवढा तुम्ही स्वतः बघून द्या हो." मी त्यांना सांगितले आहे, रविवारी सकाळी या, चाळीसही तुमच्यासमोरच उघडू.